पहिला शिक्का

जुनी टपाल तिकिटं विकणाऱ्या तिकीटवाल्याने पत्राचं पाकीट दिव्याखाली धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. समोरच्या स्टुलावर म्हातारी ताठ बसली होती. लढाईवर गेलेल्या तिच्या धाकट्या भावाचं हे एकुलतं एक पत्र. तेही तो मारला गेल्याची तार आल्यावर घरी पोचलेलं.

"तो निघाला तेव्हा मी दारातसुद्धा आले नाही," ती म्हणाली. "मला न विचारता फौजेत नाव घालून आला, म्हणून नाही नाही ते बोलले होते. मग महिनोन् महिने एक अक्षर नाही. राग धरून बसला. शेवटी कधीतरी हे खरडलं."

पत्रावर तारीख नव्हती. फौजेची पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरने वरचा कोपरा कापला होता. मधल्या दोन ओळींच्या जागीही नुसतं भोक होतं.

"त्या ओळींत तो मला काय काय बोलला असेल, ते मला पाठ आहे," ती म्हणाली.

तिकीटवाल्याचं बोट शिक्क्यांवरून फिरत होतं. "इथे पत्र भलत्याच गावी गेलं. नाव तेच, प्रांत वेगळा. तिथे पडून राहिलं, मग परत फिरलं. हा त्रिकोण सेन्सॉरचा. आणि त्याच्याखाली..." त्याने पाकीट तिरकं धरलं. "आजी, भाऊ घरून कधी निघाला?"

तिने क्षणाचाही विचार न करता तारीख सांगितली.

"मग हा बंदरातल्या पोस्टाचा शिक्का त्याच दिवसाचा आहे. संध्याकाळची डाक. बोटीत चढायच्या आधीच टाकलंय त्यांनी."

म्हातारीने मांडीवरचं पत्र उचललं.

"आणि सेन्सॉरची कात्री चालते ती बोटींच्या नावांवर, तारखांवर. घरातली भांडणं कोण कशाला कापेल?"

"म्हणजे माझ्याबद्दल तो..."

"जे काही म्हणाले, ते तुमच्या हातातल्या ओळींतच आहे."

तिने चष्मा चढवला. इतकी वर्षं ती फक्त त्या भोकाकडे बघत आली होती. आता उरलेल्या ओळी तिने मोठ्याने वाचल्या.

"ताई, गाडीत बसायला जागा मिळाली. समुद्र पाहिला. निळाबिळा काही नाही, चक्क मातकट आहे. माझी सायकल उन्हात ठेवू नकोस."

ती एकदम हसली. मग चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

"संध्याकाळपर्यंत विसरलासुद्धा होता," ती म्हणाली. "लबाड कुठला."