दोन वायरींचं मशीन

“आता एकच नाव कायमचं टाकून देते. ‘तौहीद’च ना?” नारायणगावहून आलेल्या अक्षदाने विचारलं. कॉम्प्युटरची दुरुस्ती तीच बघायची.

तौहीदने मान वळवली. शेजारी बुशराभाभी उभी होती. विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपवून ती आज पहिल्यांदाच नवऱ्याच्या दुकानात आली होती; सलीमभाईचं दुकान कायमचं बंद करायला.

वडिलांच्या माघारी जुन्नरच्या त्या छापखान्यात दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. कागद वाटले, गिऱ्हाइकं वाटली. छपाईचा महागडा कॉम्प्युटर तेवढा वाटता येईना. तो भिंतीतल्या खिडकीत बसला आणि दोन्हीकडून एकेक वायर त्यात आली. मशीनला स्वतःचं असं नाव नव्हतंच. सकाळी ज्या दुकानाचं नेटवर्क आधी लागेल, तिकडून मिळालेलं नाव ते घेई आणि दिवसभर पडद्यावर मिरवी. या बाजूने ‘तौहीद’, त्या बाजूने ‘सलीम’.

बोलणं बंदच होतं. भांडण शटरवर आलं. सलीमने उजाडता दुकान उघडलं, की दुसऱ्या दिवशी तौहीद पहाटे फजरच्या अजानलाच हजर. पुढे पुढे रोज तौहीदचंच नाव येऊ लागलं. दोघांची शटरं एकदमच वर गेली, तरी पडद्यावर ‘तौहीद’. “भाईजान थकले आता,” तो गड्यांना हसत सांगायचा. पण पहाटेचं उठणं त्याने सोडलं नाही.

मग एका दुपारी काम करता करता सलीमच्या छातीत कळ आली. जनाज्याला तौहीदने खांदा दिला. बोलायचं राहून गेलं ते गेलंच.

“बरं, आधी तिकडचं नाव काढते,” म्हणत अक्षदा सलीमच्या बाजूला गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, “दादा, इथूनही ‘तौहीद’च जातंय. ‘सलीम’ गेल्या वर्षीच कुणीतरी काढून टाकलंय.”

तौहीदने भाभीकडे पाहिलं.

“त्यांनीच काढलं,” ती म्हणाली. “मी लई भांडले व्हते, आपलं नाव का म्हनून काढायचं? तर म्हनले, धाकटा हाय तो. पहाटंची झोप त्याला लहानपनापासून लई प्यारी. झोपू दे त्याला.”