विषय: पिवळा

"हाही नको?" मी कॅमेऱ्याचा स्क्रीन ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी मान फिरवली.

ह्यांच्या फोटोग्राफी ग्रुपवर दर आठवड्याला एक विषय असतो. या वेळी 'पिवळा', आणि मुदत आज संध्याकाळपर्यंतच. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचा उजवा हात आणि वाचा गेली, म्हणून लिंबं, झेंडू, शेवटी ताटभर हळद, सगळं मीच टिपत होते.

"तुमच्याच नावावर पाठवायचाय हो, निदान बघा तरी!" कॅमेरा पलंगावर टाकला आणि हळदीच्याच हातांनी तोंड झाकून मी रडले.

हात खाली घेतले, तोच खट्कन आवाज आला. ह्यांच्या डाव्या हातात कॅमेरा थरथरत होता. स्क्रीनवर मी होते, वाकडी, गालभर हळद माखलेली.

ह्यांचं नाव घालून तोच पाठवला. जन्मभर पाखरं टिपणाऱ्या माणसानं काढलेला माझा पहिला फोटो.