डाव्या दाराची काच

बाबांची विलायती गाडी माझ्याच वयाची. विकण्याआधी ती तपासायला आलेले जाणकार गृहस्थ प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली सालाची खूण भिंगातून वाचत होते.

"गाडी वय लपवते, ताई, काच नाही लपवत. इंजिन, गाद्या, सगळं मूळचं. फक्त पुढचं डावं दार नंतरचं. त्याची काच चार वर्षांनी नवी आहे, आणि चौकट ठोकून सरळ केलीय. जबरदस्त धडक बसली असणार."

"छे हो! बाबांनी तिला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. हो ना, बाबा?"

बाबा उठले. डावं दार उघडून, आतून कुणी उतरायचं असल्यासारखं, ते धरून उभे राहिले.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तापानं गेली, असं बाबा सांगायचे.