आठ सेल

कुठली दुर्बीण घ्यायची, यावर नवऱ्याने दोन महिने माझं डोकं खाल्लं. हाताने फिरवायची स्वस्त पडत होती, पण ग्रह आपणहून शोधणारी कॉम्प्युटरवालीच शेवटी घरात आली. "हिला आठ सेल लागतात हं," तो कौतुकाने म्हणाला. "एक जरी कमी पडला तरी ही जागची हलत नाही."

मला थंडी सोसत नाही. त्यामुळे दर शनिवारी गावाबाहेरच्या टेकडीवर त्याच्याबरोबर माझी धाकटी बहीण जायची. तिला लहानपणापासून ताऱ्यांचं वेड. थर्मासमध्ये कॉफी मीच भरून द्यायचे.

परवा शनिवारी सकाळी सासूबाईंचं बीपीचं मशीन बंद पडलं. घरात सेल नव्हते, म्हणून दुर्बिणीतले चार काढून त्यात घातले आणि सांगायचं साफ विसरले. रविवारी उठल्यावर आठवलं आणि चपापलेच. बिचारे दोघं एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत आले असणार! धावत जाऊन दुर्बिणीचं झाकण उघडलं, तर चार खाचा तशाच रिकाम्या.

माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. दोघं चहा घेत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "अगं, काय सांगू! काल शनीची कडी काय सुरेख दिसली!"

मी बहिणीकडे पाहिलं. वाटलं, ती तरी हसेल, त्याची थाप उघडी पाडेल.



"खरंच ताई," ती म्हणाली, "तू यायला हवं होतंस."