बेलचं बटण

"चांगल्या मशीनला भोक पाडलंस, आणि वर दारावरच्या बेलचं बटण? शोभा केलीस नुसती!" हे लेकीवर करवादले. आयुष्यभर गेमची मशीनं आणि आकाशपाळणे दुरुस्त केलेला माणूस. गेमचं पार्लर बंद पडलं तेव्हा यांनी त्यातलं एक मशीन हौसेनं घरी आणलेलं. नाणं टाकल्याशिवाय डाव मिळायचा नाही.

"पप्पा, नाण्याची खाच खराब झालीय. आता बटण दाबलं की डाव मिळतो," लेक म्हणाली. जावयानं मान डोलावली. मीही डोलावली.

"मी बसवलेली खाच खराब होतेच कशी?" म्हणत यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. तो स्क्रूवरून घसरला, पुन्हा घसरला, मग हातातूनच पडला. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत राहिलो. टीव्ही बंद होता.

"परवा बघू," हे म्हणाले. "उद्या बागेतल्या आकाशपाळण्याचे बोल्ट आवळायचेत. सुट्टी लागली, पोरांची झुंबड उडेल."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी उठले, यांच्या खिशातलं नाणं काढलं आणि खाचेत टाकलं. ते सरळ आत गेलं. मशीन वाजू लागलं.



"पाळण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा," मी म्हणाले. "खाचेला काही झालेलं नाही हो. हात कामातून गेलेत तुमचे."