जिन्यातली छत्री
बाजारामागचं घर मुलाने नाकारलं होतं. तिथल्या भोचक बायकांनी आईला जिन्यातच गाठून वय, पेन्शन, शुगर विचारलं होतं. हे घर मात्र शांत वस्तीत होतं. पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा आईने छत्री जिन्याच्या कठड्याला मुद्दाम अडकवून ठेवली. महिन्याभराने दोघं करारासाठी आली. छत्री जागच्या जागी होती. “बघ आई, कुणी हातसुद्धा लावला नाही,” मुलगा म्हणाला. “कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात,” एजंटने री ओढली. आईने छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवलं. बोट धुळीने काळं झालं. “सगळे याच जिन्याने जातात ना?” “दुसरा जिनाच नाही, काकू.” “मी इथे एकटी राहणार,” आई म्हणाली. “उद्या या पायऱ्यांवर पडले, तर मलाही कुणी हात लावणार नाही.” तिने छत्री काढून घेतली. “त्या भोचक बायकांना विचार, घर गेलं का.”