गोठ्यातली बाटली

दत्तोबांनी पिशवीतून बाटली काढली आणि दोन्ही हातांनी नातीपुढं धरली. तोंडाला फडकं बांधलेलं, तळाला बोटभर करडा गाळ. बारामतीच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा. पण म्हातारा दवाखान्यात आजारी पोर आणल्यासारखा उभा होता.

"तीन महिने झाले, आबा," उत्कर्षा म्हणाली. "इतके दिवस उपाशी राहून यीस्ट बहुतेक मेलेलंच असणार. फार आशा धरू नका."

"बघ तर."

दाराशी आजी, जयवंताबाई, पदर नाकाला लावून उभ्या होत्या. नवऱ्याचा मोडलेला पाय नुकता सांधलेला, एकट्याला सोडायचं कसं म्हणून आल्या एवढंच. 'दारूचं बी घरात नको' या त्यांच्या हुकमामुळं ती बाटली नऊ वर्षं गोठ्यात होती.

दत्तोबांची हयात डिस्टिलरीत गेली. उसाच्या मळीच्या टाकीत यीस्ट सोडायचं आणि त्याला जपायचं. ते साखर खायचं, दारू करायचं, वर फेस आणायचं. टाकीला कान लावला की आत आधणासारखी खदखद ऐकू यायची, आणि त्यावरून माल कुठवर आलाय ते दत्तोबा बिनचूक सांगायचे. साहेबसुद्धा मीटरच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेबाला विचारूनच त्यांनी त्या यीस्टातलं बाटलीभर घरी आणलं. पुढं जुन्या टाक्या भंगारात गेल्या, यीस्ट पाकिटातून यायला लागलं. त्या दिवसांचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. दर सोमवारी त्यात पाण्यात कालवून काकवी घालायची, की झालं. पण पाय मोडला, लेकीकडं पुण्याला पडून राहावं लागलं. जयवंताबाई जनावरांपायी गावीच राहिल्या.

उत्कर्षानं काचेवर थेंब घेऊन त्यात निळा रंग सोडला. "मेलेली निळी पडतात. जिवंत असतात ती रंग पचवून टाकतात." ती सूक्ष्मदर्शकावर वाकली ती उठेचना. दत्तोबा टेबलाजवळ सरकले.

"निळी किती?"

"शंभरात पाच-सात. बाकी सगळी जिवंत, आबा. आणि कोंब फुटलेत. खाल्ल्याशिवाय कोंब येत नाहीत. तुम्ही काकवी घातली का?"

"मी कालच आलोय की."

दोघांनी दाराकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" जयवंताबाई म्हणाल्या. "म्हशीला वैरण टाकायची आन् बाजूचा मुका जीव उपाशी ठिवायचा? माझ्यानं न्हाय झालं."

मळीचा वास येतो म्हणून या बाईनं दत्तोबांना तीस वर्षं अंगणात आंघोळ करायला लावली होती. डोळे पुसून ते सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर वाकले. जन्मभर ज्यांना भरवलं, त्यांचं तोंड आज पहिल्यांदा दिसत होतं.

"ये, तूबी बघ."

जयवंताबाई आल्या. बघता बघता नाकावरचा पदर कधी सुटला, त्यांना कळलं नाही.

"ही बारकी चिकटलीत ती?"

"लेकरं. आईच्या अंगालाच फुटतात, आजी."

"लग्नातल्या लेकुरवाळ्या हळकुंडावानी हाय की."

मग त्यांनी बाटलीला स्वतःच फडकं बांधलं आणि ती पिशवीत न ठेवता कडेवर घेतली.

"आता ही घरात, देवळीत ठिवायची," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लेकुरवाळीला गोठ्यात ठिवत्यात व्हय?"